भारपात्र

तबकडीवरचा काटा सरकू लागला तशी मागच्या रांगांतली माणसं खुर्च्यांवर चढली. शहाऐंशीवरून चौऱ्याऐंशी. मग ब्याऐंशी. वजनकाट्यावर उभा असलेला न्हावी डोळे घट्ट मिटून होता. त्याने दोन्ही हातांनी एक लांब पितळी दंड धरला होता आणि दंडाचं टोक शेजारी जमिनीवर ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यातल्या वाळूत रुतलं होतं. त्या भांड्याला तिथे भारपात्र म्हणत.

“सोड,” महाराज म्हणाले. त्यांचा आवाज तेल पाजलेल्या बिजागरीसारखा मऊ होता. “उरात साठवलेलं सगळं सोड. दंडावर टाक, दंडातून पात्रात जाऊ दे. आजार म्हणजे दुसरं काय रे? न रडलेल्या रडण्याचं वजन. डॉक्टर ते कापून काढतो, मी नुसतं उतरवून ठेवतो.”

काटा ऐंशीवर थांबला. न्हाव्याने दंड न सोडताच खाली पाऊल टाकलं, मग शिष्याने दंड काढून घेतला. रीतच तशी होती. न्हावी पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “पिसासारखं वाटतंय,” आणि टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं.

शेवटच्या रांगेत एक बाई हाताची घडी घालून बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. असल्या ठिकाणी तिने पाऊल टाकलं नसतं, पण दुसऱ्या रांगेत बसून जी टाळ्या वाजवत होती ती तिची आई होती.

आईचं हृदय दुबळं झालं होतं. पायांत पाणी साठायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज सकाळी गोळी घ्यायची आणि रोज सकाळी वजन करायचं. वजन एकदम वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी, लगेच मला कळवा. महाराजांनी आईचं तेच वजन भर सभेत पाच किलो उतरवून दाखवलं आणि म्हणाले, “पाणी गेलं. आता गोळी कशाला?” त्या दिवसापासून गोळ्यांचं पाकीट फडताळात पडून होतं.

घरचा काटा मात्र चढतच होता.

“घरी तुझी शंका असते ना,” आई म्हणाली. “शंकेने भार परत येतो. महाराजांनी आधीच सांगितलंय.”

“म्हणजे तिकडे कमी झालं तर त्यांची पुण्याई, आणि इकडे वाढलं तर माझं पाप.”

“तसंच समज.”

“आई, तुला जिना चढताना धाप लागते.”

“वय झालं माझं. आणि तुझ्या बाबांनी शिक्का मारलेला काटा आहे तो. तो खोटं बोलेल?”

वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. घराखालच्या दुकानात त्यांनी उभा जन्म काढला आणि गेल्या वर्षी तिथेच, हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून, गेले. महाराजांचा मोठा काटा मूळचा एका गोदामातला. त्याच्या मागे वडिलांचा शिशाचा शिक्का अजून शाबूत होता. नवरा गेल्यापासून आईने त्याच्या हातची एक वस्तू अशी सभेच्या मधोमध उभी पाहिली होती, आणि ती तिला सांगत होती की तू बरी होते आहेस. यावर कुणाची काय मात्रा चालणार?

आणि लेक चुकली ती इथेच. त्या घरात वजनाचा घोळ झाला की पहिला संशय काट्यावर घ्यायचा, ही लहानपणापासूनची सवय. महाराजांनी आत काहीतरी फिरवलं असणार, अशी तिची खात्री होती. पुढच्या सभेत ती वडिलांची प्रमाण वजनं घेऊन गेली आणि भर गर्दीत म्हणाली, “काटा तपासू द्या.”

महाराजांनी आनंदाने वाट करून दिली. वीस किलो ठेवले, वीस दिसले. चाळीस ठेवले, चाळीस.

“अजून काही शंका, मास्तरीणबाई?” महाराजांनी विचारलं. “का माझंही वजन करायचं? माझं शून्यच भरेल हो, मी स्वतःपाशी काही ठेवतच नाही.”

सभा खो खो हसली. घरी जाताना आई एकच वाक्य बोलली. “चारचौघांत बापावर संशय घेतलास.”

दोन दिवसांनी सकाळी आई न्हाणीघरात वजन करत होती. लेक दारात टॉवेल घेऊन उभी होती. आईला धाप लागली, तोल गेल्यासारखं झालं आणि तिने शेजारच्या बेसिनच्या काठावर हात टेकला. पायाखालचा काटा झर्रकन खाली आला.

लेक तो बघतच राहिली. बल आणि गती हा धडा ती दर वर्षी शिकवत होती. भिंतीला रेटलं की भिंत आपल्याला रेटते, हे पोरांकडून पाठ करून घेत होती. आणि सभेत चाळीस किलो लोखंड वाहून नेताना तिला त्यातलं एक अक्षर आठवलं नव्हतं.

“हात उचल बघू,” ती म्हणाली.

आईने उचलला. काटा परत वर गेला.

“टेकलाय म्हणून कमी झालं ते,” आई चिडून म्हणाली. “एवढं न कळायला मी काय कालची पोर आहे? तिकडे कोण टेकतं? तिकडे भार दंडातून पात्रात जातो.”

“मग पात्र जड व्हायला हवं.”

महाराजांना आईने कधी प्रश्न विचारला नव्हता, पण हा प्रश्न महाराजांचा नव्हता, दुकानातला होता. एका पारड्यातून काढलं तर दुसऱ्यात दिसलं पाहिजे.

“व्हायलाच हवं,” ती म्हणाली. “आणि झालं, तर पुन्हा गोळीचं नाव काढायचं नाहीस.”

“बरं. पण जड झालेलं पात्र जडच राहिलं पाहिजे.”

“राहीलच. भार उतरवून ठेवलेला असतो.”

त्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्या चढताना आई दोनदा थांबली. तिची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून घरचा छोटा काटा काढला. “महाराज, हा पात्राखाली ठेवू द्या. लेकीचं तोंड एकदाचं बंद होईल.”

महाराजांनी क्षणभर विचार केला असावा. पण गर्दी कौतुकाने माना उंचावत होती, आणि गर्दी मागते ते न देणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. “ठेव की. सत्याला कसली भीती?”

पात्र दंडासकट छोट्या काट्यावर ठेवलं. आई खाली वाकली आणि मागची चाकी फिरवून तिने काटा शून्यावर आणला. मग मोठ्या काट्यावर चढली. एकाहत्तर.

“धर दंड. सोड. टाक त्याच्यावर सगळं,” महाराज म्हणाले. “नवरा गेल्याचं दुःख टाक.”

आईने डोळे मिटले. काटा उतरू लागला आणि सहासष्टावर थांबला. खाली छोट्या काट्याने पाच दाखवले.

सभेत असा गलका उठला की शिष्यांनाही आवरेना. “बघा,” महाराज दोन्ही हात पसरून म्हणाले, “बघा डोळे भरून. इथून गेलं, तिथे आलं. मास्तरीणबाई, आता शाळेत हाच धडा शिकवा.”

“शिकवीन,” लेक म्हणाली. “आई, आता हात सोड.”

“सोडायचा नाही,” शिष्य पुढे झाला. “दंड आम्ही काढून घेतो. आधी खाली उतरा.”

“आई, भार पात्रात गेलाय ना? मग हात काढल्यावर तो कुठे जाणार आहे?”

आईने डोळे उघडले. महाराजांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या छोट्या काट्याकडे. आई तशीच दंड धरून खाली उतरली असती तर पुन्हा बोलायला लेकीला जागा उरली नसती.

आईने दोन्ही हात उचलले.

छोटा काटा शून्यावर आला आणि त्याच घटकेला मोठा काटा एकाहत्तरवर गेला. आईने दंड पुन्हा धरला. सहासष्ट, पाच. सोडला. एकाहत्तर, शून्य. तिसऱ्या वेळेला पुढच्या रांगा बघायला उभ्या राहिल्या.

“शंका,” महाराज म्हणाले. “हिच्या शंकेने—”

“सरका जरा,” म्हणत न्हावी मोठ्या काट्यावर चढला. त्याने दंडावर एक कोपर टेकलं आणि तबकडीकडे बघत दाबलं, मग सैल सोडलं, मग पुन्हा दाबलं. “दिवसभर खुर्चीच्या पाठीवर हात टेकून दाढ्या करतो मी,” तो म्हणाला. “म्हणजे रोज दहा-दहा किलो दुःख उतरतंय की माझं. गिऱ्हाइकाला फुकट.” काही जण हसले. त्याला स्वतःला हसू आलं नाही.

लेकीने फार थोडं सांगितलं. काटा दुःख मोजत नाही. तुमचे पाय त्याला किती दाबतात, तेवढंच दाखवतो. दंड तुम्ही खाली रेटता, तेव्हा दंड तुम्हाला तेवढ्याच जोराने वर रेटतो. पायांवरचा थोडा भार हातांवर जातो, आणि जेवढा इकडे कमी तेवढा तिकडे जास्त. शरीरातलं थेंबभर पाणी हलत नाही. “महाराज एक गोष्ट खरी सांगत होते,” ती म्हणाली. “भार दंडातून पात्रातच जात होता.”

“पण बरं वाटत होतं ना आम्हाला,” मागून कुणीतरी चिडून ओरडलं. “तुमचं काय जात होतं?”

आई काट्यावरून उतरून शेजारच्या खुर्चीवर बसली होती, तोंडाने श्वास घेत. लेक तिच्यापाशी उकिडवी बसली आणि तिने आईच्या घोट्याजवळ अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. सगळ्यांना दिसला.

“हे जात होतं,” ती म्हणाली.

तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा उठला, बायकोला हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, “घरी चल. तुझ्या गोळ्या कुठे टाकल्यास ते दाखव.” त्याच्यामागून आणखी काही जण उठले. काही बसून राहिले. त्यांना महाराज हवेच होते. महाराजांनी डोळे मिटून घेतले होते. ती त्यांची समाधी नव्हती, दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याच दुपारी आईला इस्पितळात दाखल केलं. तिथे इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन पाणी उतरलं, हळूहळू, कुणी टाळ्या न वाजवता. लेक रागावली नाही, आईनेही माफी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी नर्स गोळी घेऊन आली तेव्हा आईने आपणहून हात पुढे केला आणि लेकीला म्हणाली, “पाणी दे.”

महाराज आता दुसऱ्या कुठल्या तरी सभागृहात असतील. दंड बदलला असेल, पात्रही बदललं असेल. उद्या तुमच्याही गावात कुणी येईल आणि तुमचं ओझं घटकेत नाहीसं करून दाखवेल. त्याच्याशी भांडायला मोठी विद्या लागत नाही. ओझं नाहीसं होत नसतं, ते कुणाच्या तरी माथी जातं. कुणाच्या, एवढं शोधा. आणि शोध लागेपर्यंत डॉक्टरांची गोळी चुकवू नका.