तोमिएबाईंचा तांब्याचा तवा

मी एक जुना तांब्याचा तवा आहे. सपाट नाही हं! माझ्या अंगभर ओळीने गोल खळगे आहेत. तुमच्या घरचं आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा, ते चांगलं लांबरुंद करा, म्हणजे मी दिसेन. माझ्यावर आप्प्यांसारखेच गोळे होतात, फक्त त्यांच्या पोटात ऑक्टोपसचा तुकडा असतो. आमच्या ओसाकात त्यांना ताकोयाकी म्हणतात. शहर बघायला आलेला माणूस ते न खाताच परत गेला, तर तो आला होता हे आम्ही मान्यच करत नाही.

मित्रांनो, मला एका म्हाताऱ्या तांबटाने घडवलं. माझा एकेक खळगा त्याने हातोडीने ठोकून काढला. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर कसला सूड उगवतो आहे? पण पहिल्यांदा विस्तवावर चढलो आणि सगळे खळगे एकदम सारखे तापले, तेव्हा त्याचे कष्ट मला कळले.

तोमिएबाईंच्या सासूबाईंनी मला विकत आणलं. छपराखालच्या बाजारगल्लीत त्यांचं छोटंसं दुकान होतं. तोमिएबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. हातात दाभणासारखी लांब सळई धरून त्या भीत भीत गोळ्याच्या कडेला टोचायच्या.

"अगं, गोळा आहे तो, जावई नाही!" सासूबाई ओरडायच्या. "एवढं गोंजारतेस काय? उलटव!"

तोमिएबाई रडल्या, भाजल्या, शिकल्या. पुढे तर त्यांची सळई अशी फिरू लागली की बघणाऱ्याला हात दिसायचाच नाही. रोज सकाळी त्या मला तेलाचा हात द्यायच्या. रात्री पुसून, पुन्हा तेल लावून झोपवायच्या. पाण्याचा थेंब कधी लागू दिला नाही. इतकं जपलेलं भांडं त्या गल्लीत दुसरं नसेल.

लोक लांबून यायचे. किल्ला बघून, नदीत होडीतून फिरून, कालव्याकाठच्या दिव्यांपाशी फोटो काढून ते आमच्यापुढे रांगेत उभे राहायचे. कुणी आधी किल्ला बघून येतो म्हणालं, की तोमिएबाई म्हणायच्या, "जा की. किल्ला चारशे वर्षं उभा आहे, अजून तासभर थांबेल. गोळे नाही थांबायचे." लोक हसत हसत तिथेच उभे राहायचे. गरम गोळ्यावर सुक्या मासळीचे पापुद्रे पडून थरथरू लागले, की मोठी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी वाकून बघायची.

समोर कुमेझोकाकांचं लोणच्याचं दुकान होतं. त्यांची आणि तोमिएबाईंची रोज जुंपायची.

"काय हो, आज ऑक्टोपस घातलाय की नुसतं नाव घेऊन भागवलंय?"

"तुमच्या मुळ्याच्या लोणच्याचा वास आला की तो बिचारा आत दडून बसतो. काय करू?"

तोमिएबाईंचे यजमान गेले, सासूबाई गेल्या, मुलगी मिसाओ नोकरीला नागोयाला गेली. पण विस्तव रोज पेटत होता. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग एका हिवाळ्यातली दुपार आली. माझ्यावर गोळे अर्धे झाले होते. तोमिएबाईंच्या हातातली सळई खाली पडली. त्यांनी ती उचलायला उजवा हात पुढे केला, पण हात ऐकेना. त्या हळूहळू खाली बसल्या. माझ्यावरचे गोळे करपू लागले. कुमेझोकाका धावत आले, त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मग तोमिएबाईंना धरलं.

"करपले ना?" त्या एवढंच म्हणाल्या.

"मसणात जाऊ देत ते गोळे!" काका ओरडले.

तोमिएबाईंना इस्पितळात नेलं. झटका मेंदूला आला होता. बोलणं शाबूत राहिलं, पायही हळूहळू चालू लागले, पण उजवा हात लुळा पडला.

मला कुणी पुसलं नाही. करपलेलं पीठ अंगावर तसंच घेऊन मी मागच्या फळीवर पडून राहिलो. दमट हवेत माझ्यावर हिरवे डाग पडले. ज्या खळग्यांत लोक वाकून बघायचे, त्यांत कोळ्याने जाळं विणलं. मित्रांनो, उपाशी राहण्यापेक्षा नकोसं होणं फार कठीण असतं.

वसंत आला तेव्हा मिसाओ दुकान आवरायला आली. ती वाईट मुलगी नव्हती. आईच्या काळजीने तिची झोप उडाली होती.

"आई, माझ्याकडे खोली तयार केली आहे. खिडकीतून बाग दिसते. चल आता."

"बागेत बसून मी करू काय? फुलांना शिव्या देऊ?"

"आई, हात चालत नाही तुझा!"

"हात गेलाय. तोंड नाही गेलं."

पण बोलून झाल्यावर तोमिएबाईंनी दुकानाची किल्ली मिसाओच्या हातात ठेवली. मिसाओने भंगाराचा ढीग लावला आणि मला त्याच्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. तोमिएबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. त्यांनी मला ठेवून घेतलं नाही, याचंच मला जास्त दुःख झालं.

इतक्यात अर्ध्या उघड्या शटरखालून दोन म्हाताऱ्या डोकावल्या. नोए आणि चिसे नावाच्या त्या बहिणी उत्तरेकडच्या सफरचंदाच्या गावाहून आल्या होत्या. नवरे, सुना, बागा सगळं घरी ठेवून आयुष्यात पहिल्यांदा दोघीच सहलीला निघाल्या होत्या.

"इथे गोळे मिळतात ना?" थोरल्या नोएबाईंनी विचारलं. "किल्ला झाला, मोठा पाळणा झाला. ही वर जाऊन किंचाळली, तेही झालं. आता एवढंच राहिलंय."

"दुकान बंद झालं हो," मिसाओ नम्रपणे म्हणाली. "आईचा हात चालत नाही."

चिसेबाईंनी आपले दोन्ही तळवे पुढे केले. सफरचंदं खुडून खुडून ते राठ झाले होते. "आमचे चार आहेत की!"

मग तोमिएबाई भिंतीला धरून उठल्या. "मिसाओ, तो तवा खाली घे."

"आई, अगं तो किती—"

"खाली घे म्हटलं ना."

माझी अवस्था बघून तोमिएबाईंनाच लाज वाटली. कुमेझोकाका समोरून सगळं ऐकत होते. आंबट आलुबुखाराच्या लोणच्याचं पाणी आणि मूठभर मीठ घेऊन ते हजर झाले. तुमच्याकडे तांब्याला चिंच लावतात ना, तसंच ते. दोघी बहिणींनी बाह्या सरसावून मला घासलं. हिरवे डाग गेले, करपलेलं निघालं आणि खालून माझा तांबूस रंग वर आला. मग मला चटकन कोरडं करून, तापवून, तेल पाजलं.

काकांच्या घरून पीठ आलं, पण पहिला घाणा पार फसला. सगळं पीठ मला चिकटलं. नोएबाईंच्या सळईवर गोळ्याऐवजी चिंधी आली.

"हे काय उलटवणं झालं?" तोमिएबाई कडाडल्या. "मनगट फिरवा! आजारी माणसाची कूस बदलताय का?"

"आमच्या सासूबाईसुद्धा एवढं बोलल्या नव्हत्या!"

"म्हणूनच येत नाही तुम्हाला!"

चिसेबाई हसता हसता खालीच बसल्या. कुमेझोकाकांनी ती चिंधी खाल्ली आणि आपलं लोणचं बरं असं जाहीर केलं, तेव्हा तोमिएबाईही हसू लागल्या. मिसाओ दाराशी उभी होती. आईला हसताना तिने किती महिन्यांनी पाहिलं होतं! तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

"उद्या सकाळी या," तोमिएबाई बहिणींना म्हणाल्या. "रात्रभर तेल मुरलं की हा वळणावर येईल. तुमचं मात्र सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. भंगारवाला आला तेव्हा माझ्यावर गोळे फिरत होते. वेडेवाकडे होते, पण फिरत होते. मिसाओने त्याला खुर्च्या दिल्या, जुना पंखा दिला आणि त्याने तवाही मागितल्यावर दोन गोळे हातावर ठेवून वाटेला लावलं.

तिने नोकरी सोडली नाही, पण आईला नेण्याचा विषयही पुन्हा काढला नाही. जाण्याआधी तिने स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली: 'करा तुम्ही, खा तुम्ही, बोलणी आमच्याकडून.' कुमेझोकाकांची बायको सकाळी पीठ भिजवून देऊ लागली आणि दुकान पुन्हा उघडलं.

आता शहर बघायला आलेले लोक इथे स्वतः गोळे करतात. तोमिएबाई स्टुलावर बसून सगळ्यांना सारखंच झापतात. परदेशी पाहुण्यांना शब्द कळत नाहीत, पण सूर बरोबर कळतो. माझ्या अंगावर आता नवशिक्यांच्या सळयांचे पुष्कळ ओरखडे आहेत. मला त्यांचं वाईट वाटत नाही.

परवा मिसाओ आली होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तोमिएबाईंनी कुणाला काही न सांगता डाव्या हातात सळई घेतली. पहिला गोळा फाटला. दुसरा उडून जमिनीवर पडला. मिसाओ मदतीला पुढे झाली आणि मग स्वतःच थांबली. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. तिसरा गोळा अर्धा वळला, अडला आणि मग सावकाश पूर्ण उलटला.

मिसाओने तो तसाच गरम गरम तोंडात टाकला.

"कसा आहे?"

"आतून कच्चा आहे, आई," मिसाओ म्हणाली. ती हसत होती आणि तिचे गाल ओले होते.

"माहीत आहे मला. पुढचा बघ."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं भांडं डाग पडून कोपऱ्यात बसलं असेल. टाकण्याआधी त्याला एकदा घासा, तेल लावा, विस्तवावर ठेवून बघा. आणि घरातल्या कुणाचा हात थकला असेल, तर त्याचं काम उचलून घेण्याची घाई करू नका. जवळ उभे राहा आणि थोडी वाट बघा. तेवढा वेळ त्यांना मिळाला, की ते आपलं आपण उलटवतील.