डावखुरी रायफल

"ही डावखुरी आहे, हार्लन," डूएन म्हणाला. "तू उजवा. का बस चालवता चालवता हात बदललेस?"

हार्लन म्हणजे आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर, मिस्टर नॉर्डाल. त्यांनी काउंटरवरची रायफल उचलली, दस्ता खांद्याला लावला आणि काडतूस आत सारणारा बोल्ट ओढायला उजवा हात नेला. तिथं काहीच नव्हतं. बोल्टचा दांडा पलीकडच्या बाजूला होता. त्यांनी हात वरून पलीकडे नेऊन तो ओढला. जाकिटाची बटणं पाठीवर असल्यासारखं दिसत होतं ते.

"म्हणून स्वस्त का?"

"म्हणूनच. दोन हिवाळे पडून आहे. ज्याला परवडते तो उजवा निघतो, आणि जो डावा निघतो त्याची बायको नको म्हणते."

बायको हा शब्द तोंडातून गेल्यावर डूएन गळाला लावायच्या गांडुळांचे डबे उगाचच सरळ करायला लागला. आमच्या गावात बंदुका, गांडुळं आणि कोंबड्यांचं खाद्य डूएनच्या एकाच दुकानात मिळतं, त्यामुळे त्याला सरळ करायला नेहमी काहीतरी सापडतं.

मी दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. शुक्रवारी बसमध्ये मिस्टर नॉर्डाल म्हणाले की उद्या रायफल बघायला जाणार आहे, आणि मी म्हणाले, "मग मी येते निवडायला!" त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "येशील." ते प्रश्न म्हणून म्हणाले की हो म्हणून, ते मी विचारलंच नाही.

"ती फिफ्टी घ्या ना," मी भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या रायफलीकडे बोट दाखवलं. तिचं एकेक काडतूस माझ्या तळहाताहून लांब. "एका वेळी एकच काडतूस घेते, म्हणून किंमतही कमी आहे. मी वाचलंय सगळं."

"रायफल स्वस्त गं, मार्नी. काडतुसं नाहीत," डूएन म्हणाला. "एक बार उडवला की कॅफेतल्या कॉफीचे पैसे उडाले, सोबतच्या केकसकट. आणि एकलंडांच्या कुरणातल्या नेमबाजीत फिफ्टी चालत नाही. निशाणाच्या पत्र्याला भोक पडतं."

"मग ती बारकी, थ्री हंड्रेड. कोरी आहे."

"मैलभर जाते ती," मिस्टर नॉर्डाल हळूच म्हणाले, "पण पोचेपर्यंत दमते. शेवटी शेवटी वारा नेईल तिकडे जाते. आणि दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

त्यांनी डावखुरी रायफल माझ्यापुढे धरली. "बघ जरा."

मी डावी आहे. बाबांच्या उजव्या रायफलीवर शिकले, बाराव्या वर्षापासून हरणं तिच्यावरच मारली, दर वेळी हात वरून पलीकडे नेऊन. ही मी खांद्याला लावली आणि माझा डावा हात आपोआप दांड्यावर जाऊन बसला. अंधारात आपल्याच घराचं बटण सापडावं तसा. "आईशप्पथ!" मी म्हणाले.

"बाईसाहेबांना बसली," डूएन म्हणाला. "पण पैसे देणारा उजवा आहे."

"हीच," मिस्टर नॉर्डाल म्हणाले. "थ्री-थर्टीएट आहे ना? गोळी जड. जुन्या रायफलीवरची दुर्बीण हिच्यावर बसवू. खाली उताराची पट्टी लागेल, नाहीतर मैलासाठी नळी तेवढी वर उचलता येणार नाही."

"पट्टी माझ्याकडून. पण हार्लन, खरंच..."

"गोळ्या धरून पंधराशे डॉलरच्या आत बसते. दुसरी कुठली बसते ते सांग."

डूएन पट्टी शोधायला लागला. मिस्टर नॉर्डालनी या रायफलीसाठी बर्फावर चालवायची स्नोमोबाईल विकली होती. नवराबायको दोघांची होती ती, आणि मागची सीट आता कुणाला लागणार नव्हती.

*

आमचं घर बसच्या रस्त्यावर सगळ्यात शेवटचं. एकलंडांची जुळी मुलं उतरली की पुढं नुसतं गवत, कुंपणाच्या तारा, आणि बसमध्ये आम्ही दोघंच. आठवीपर्यंत मी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि घर येईपर्यंत तोंड उघडायचे नाही. मग गेल्या वसंतात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जिममध्ये जमलेल्या अख्ख्या शाळेसमोर उभी राहिले, पहिलं वाक्य विसरले, दुसऱ्यापासून सुरुवात केली आणि जिंकले. त्यानंतर मला थांबवणं कठीण झालंय, असं आई म्हणते. मी मागचा बाक सोडून ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर आले.

नेमकं तेव्हाच मिस्टर नॉर्डालनी बोलणं सोडलं होतं. फेब्रुवारीत आर्डिस गेल्या. त्यांची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. राजम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचा रोल वाढताना मोठा कोणता ते डोळ्यांनी सांगायच्या. त्या गेल्यावर मिस्टर नॉर्डाल एक दिवसही सुट्टीवर राहिले नाहीत. फक्त दार उघडताना जे "गुड मॉर्निंग, टोळीवाल्यांनो" म्हणायचे, ते बंद झालं.

म्हणून मी बोलायचे. केमिस्ट्रीबद्दल, आमच्या कुत्रीच्या पिल्लांबद्दल, कशाहीबद्दल. आणि मेमध्ये कधीतरी त्यांनी पहिल्यांदा मध्येच तोंड उघडलं.

"आर्डिस म्हणायची, गोळी दिसते."

मी पिल्लांबद्दल सांगत होते. गोळी कुठून आली मला कळेना.

"एकलंडांच्या कुरणात," ते म्हणाले. "मैलावरच्या पत्र्यावर."

तो पत्रा सगळ्यांनाच माहीत आहे. दर ऑक्टोबरात, हरणांचा मोसम उघडायच्या आधीच्या शनिवारी, एकलंड एक लोखंडी पत्रा पांढरा रंगवून मैलभर लांब टेकडीला टांगतात. नेम धरायला जोडीनंच जायचं, एकट्याला चटईवर घेतच नाहीत. एक जण रायफलीमागे, दुसरा त्याच्या शेजारी पालथा पडून तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून बघणारा. वारा किती, गोळी कुठं पडली, हे तो सांगतो. त्याला स्पॉटर म्हणतात. नावंही जोडीनंच पुकारतात, एका श्वासात, रायफलवाल्याचं आधी. हार्लन-आर्डिस हे मला इतकं पाठ होतं की लहानपणी मला ते एकाच माणसाचं नाव वाटायचं.

"गोळी कशी दिसेल?" मी म्हणाले.

"मला नाही दिसली कधी. ज्यानं उडवली त्याला धक्क्यात काही दिसत नाही. डोळा जागेवर येईस्तोवर सगळं संपलेलं असतं. पण ती म्हणायची, हवा फाटत जाते. पाण्याखालून मासा गेला की वर कशी रेघ उठते, तशी. टेकडीपर्यंत जाताना दिसते म्हणायची." त्यांनी गिअर बदलला. "मी म्हणायचो, माझी गोळी चुकली म्हणून तू काहीतरीच रचून सांगतेस. समजूत काढायला."

"मग त्या काय म्हणायच्या?"

"म्हणायची, एकदा तू इकडे झोप, मी उडवते. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी." थोडा रस्ता गेला. "दुर्बिणीचं रबर डोळ्याभोवती दाबून बसायचं तिच्या. संध्याकाळपर्यंत लाल वर्तुळ. मी तिला रॅकून म्हणायचो, त्या प्राण्याच्या डोळ्यांभोवती काळं असतं ना, तसं."

आणि ते हसले. आरशात मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते, पण हसले.

मी त्याच दिवशी ठरवलं की यंदा यांची स्पॉटर मी होणार.

*

रायफल घेतल्यावर तर माझी खात्रीच झाली. ऑक्टोबरात जायचं म्हणजे जोडीदार लागणार, आणि या माणसाशी दुसरं कोण बोलत होतं? डूएनही नाही, त्यानं गांडुळंच सरळ केली असती. मी सप्टेंबरभर बसच्या खिडकीतून वारा वाचायला शिकले. गवत किती वाकलंय, ट्रकमागची धूळ कुठं जातेय, पोस्टाबाहेरचा झेंडा. "आत्ता डावीकडून, हलका!" मी ओरडायचे. मिस्टर नॉर्डाल रस्त्याच्या कडेचं गवत बघून म्हणायचे, "हलका नाही. मधला." किंवा नुसती मान हलवायचे. मान हलवली की माझा दिवस सोन्याचा.

रविवारी ते रायफल घेऊन आमच्या मागच्या कुरणात यायचे. "मला हात पलीकडे न्यायची सवय होत नाही," म्हणायचे, "तू उडव जरा, रायफलीवरची दुर्बीण नीट बसलीय का बघू." मी उडवायचे. नळीच्या तोंडाला धक्का खाणारी छिद्रांची टोपी होती, तरी पहिल्या दिवशी दात वाजले. मिस्टर नॉर्डाल उभ्यानंच बघायचे, हात खिशात. मोठी दुर्बीण त्यांनी एकदाही आणली नाही. ती आर्डिसची होती. ती त्या दिवसासाठी ठेवलीय आणि माझ्या हातात देणार, असं मी धरून चालले.

सरळ विचारलं मात्र नाही. अख्ख्या जिमसमोर बोलता येतं, पण हे नाही आलं.

*

शनिवारी गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. एकलंडांच्या कोठारात चिलीचा टोप चढलेला, दालचिनीचे रोल कुणीतरी दुसऱ्यानं केलेले आणि सगळे एकाच मापाचे. मिस्टर नॉर्डालना बघून लोक गप्प व्हायचे, मग एकदम जोरात हवेबद्दल बोलायचे. मी त्यांच्या शेजारी अशी उभी होते की जणू माझ्या छातीवर बिल्लाच आहे.

नावं डूएन पुकारत होता. आमच्या वेळी त्यानं घसा साफ केला.

"हार्लन नॉर्डाल आणि मार्नी..."

"उलटं," मिस्टर नॉर्डाल म्हणाले.

"काय उलटं?"

"मार्नी आधी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी रायफल उजव्या चटईवर ठेवली, दांडा डावीकडे, माझ्या हाताच्या बाजूला. मग पिशवीतून मोठी दुर्बीण काढली, तिपाई उघडली आणि डावीकडच्या चटईसमोर नीट रोवली. पंचाहत्तरीचा माणूस खाली जातो तसे आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या, मग पालथे गेले.

"पण मी वारा शिकले!" मी म्हणाले. अगदी रडकुंडीला आले होते.

"माहीत आहे. मग तो तूच वाच." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बसमध्ये वहीवर लिहितेस तेव्हा शाई तुझ्या डाव्या हाताला लागते. वसंतापासून बघतोय. उजवी घेऊन मी काय करणार होतो, पोरी?"

मी पालथी पडले. टेकडी भुरकट, पत्रा तांदळाच्या दाण्याएवढा. वारा डावीकडून होता, मधला. कुणाला विचारायची गरज नव्हती. मी नेम तेवढा डावीकडे सरकवला, श्वास सोडला आणि चाप ओढला.

धक्का. धूळ. मला काही म्हणजे काहीही दिसलं नाही.

मग ती वाट बघणं. गोळी पोचून लोखंडाचा आवाज परत येईपर्यंत इतका वेळ जातो की शिंक येऊन जाईल. आवाज आला नाही.

"कुठं पडली?" मी विचारलं.

ते दुर्बिणीला डोळा चिकटवून पडले होते.

"मिस्टर नॉर्डाल! डावीकडे? उजवीकडे? खाली?"

"अजून एकदा," ते म्हणाले. आवाज भलतीकडून आल्यासारखा होता.

"अरे हार्लन, काय झालं ते सांग पोरीला!" डूएन मागून ओरडला. "बघतोयस का झोपलास?"

मी अंदाजानंच उडवली. परत नुसता वारा. "आता तरी सांगा ना!"

"अजून एक."

प्रत्येक जोडीला तीनच मिळतात. तिसरी मी इतक्या रागानं उडवली की कुठं गेली ते तिला एकटीला माहीत. पत्रा हलला नाही. मागे कुणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि थांबलं.

"यंदा रंगाचा खर्च वाचला एकलंडांचा," डूएन म्हणाला, आणि कुणी हसलं नाही म्हणून स्वतःच थोडा हसला.

मिस्टर नॉर्डाल उठले नाहीत. पुढची जोडी रायफल घेऊन मागे उभी होती. ते दुर्बिणीला डोळा लावून तसेच पडून राहिले, जिथून आता काहीच जात नव्हतं तिकडे बघत. मी रायफल मोकळी केली, बोल्ट उघडा ठेवला आणि त्यांच्याकडे सरकले.

"तुम्ही गोळी कुठं पडली ते बघितलंच नाही, हो ना?"

"नाही," ते म्हणाले. मग दुर्बिणीलाच सांगितल्यासारखं, "मासाच आहे गं. अगदी मासा. ती रचून सांगत नव्हती."

*

घरी त्यांनीच सोडलं मला, त्यांच्या ट्रकमधून. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. आई म्हणते तो एक विक्रमच. मांडीवर ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला दालचिनीचा रोल होता. घेतला मी, पण खाववला नाही.

आमच्या फाटकाशी मी उतरले. रायफल मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये होती. "ती तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "बाबांना विचार. मला हात पलीकडे न्यायची सवय होणार नाही आता."

"आणि पुढच्या वर्षी?"

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती रबराचं लाल वर्तुळ उमटलं होतं, अगदी गोल, कुणी पेल्याची कड दाबून धरल्यासारखं.

मी फाटक लावून मागे वळले तेव्हा ट्रक अजून तिथंच होता. मिस्टर नॉर्डालनी मधला आरसा स्वतःकडे फिरवला होता आणि त्यात बघत होते. त्यांनी वर्तुळावरून बोट फिरवलं, हळू, पुसलं जाऊ नये असं. ओठ हलले. एकच शब्द, आर्डिसना म्हणायचे तोच, आणि मग हसले, शेजारी बसलेल्या कुणाला तरी चिडवावं तसे.

मग त्यांनी आरसा परत रस्त्याकडे वळवला आणि ट्रक सुरू केला.