सॅकच्या तळाशी राहिलेला रेनकोट

मित्रांनो, मी एक जुना निळा रेनकोट आहे. माझी चेन तुटली आहे आणि आयर्लंडमधल्या शॅनन गावातल्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात मी पडून असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते जवळच्या लिमरिक शहरातले दुकान. २०१४ साली विक्रांत नावाचा पुण्याचा इंजिनियर तिथे आला. त्याने बाटलीतले पाणी माझ्यावर ओतून पाहिले आणि थेंब घरंगळताना पाहून तो खूश झाला. दुकानदार मात्र खूश दिसला नाही. पुढे काही वर्षे मी विक्रांतच्या अंगावर मिरवलो. "याच्यासारखा रेनकोट नाही," असे तो भेटेल त्याला सांगे. मग त्याने नवा लाल रेनकोट घेतला आणि माझी रवानगी खुंटीवर झाली.

२०१७ च्या सप्टेंबरात त्याचे वडील, गुरुनाथराव, पुण्याहून आले. सह्याद्रीतले गड त्यांनी भर पावसाळ्यात पालथे घातले होते. इथल्या केरी भागातल्या डोंगरात उंचावर एकामागोमाग एक तळी आहेत, ती पाहायला जायचे ठरले. विक्रांत, त्याची बायको केतकी आणि बाबा. बाबांसाठी मला सॅकमध्ये भरले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पहिल्या तळ्याशीच पाऊस आला. विक्रांतने मला बाहेर काढले.

"ठेव तो आत," बाबा हसले. "रेनकोट घालून कोणी ट्रेक करतं का? भिजायलाच तर यायचं असतं!"

"बाबा, इथला पाऊस वेगळा असतो."

"मला शिकवतोस?"

झाले! विक्रांतने मला परत कोंबले. वडिलांना उलट बोलायची त्या घरात पद्धतच नव्हती. पोळीभाजीच्या डब्याखाली मी नुसता चरफडत राहिलो. तिकडे गडावर भिजलेला माणूस खाली येऊन गरम चहा पितो आणि वाळतो. इथला वारा ओल्या सुती शर्टातून थेट हाडांत शिरतो, हे बाबांना कुठून माहीत असणार?

वरच्या तळ्याशी धुके उतरले. पाणीसुद्धा दिसेना. बाबांचे दात वाजत होते, ते मला आतून ऐकू येत होते. मग तेही थांबले. बाबा खडकावर बसले आणि शर्टाची बटणे काढू लागले.

"उकडतंय रे," ते अडखळत म्हणाले.

मी पार घाबरलो. थंडीने माणूस मरणाच्या दारात पोचला की त्याला असे खोटेच उकडू लागते, हे मी दुकानात ऐकले होते.

"बाबा, रेनकोट घालता का? प्लीज?" विक्रांत विनवू लागला.

"नको म्हटलं ना!"

तेव्हा केतकीने मला खसकन ओढून काढले. लग्न झाल्यापासून तिने सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता.

"बाबा, एकदम गप्प! हात वर करा!"

तिने त्यांचा ओला शर्ट उतरवला, स्वतःचा कोरडा स्वेटर त्यांना चढवला आणि वरून मला. त्यांची पाठ बर्फासारखी होती. माझी चेन अडकली, तिने हिसडा दिला, चेनचे दात तुटले. जवळ थांबलेल्या एका बाईने फ्लास्कमधला चहा पुढे केला. "युअर मॅन इज फ्रोझन," ती म्हणाली, म्हणजे हे गृहस्थ पार गारठलेत. विक्रांत आणि केतकीने बाबांना धरून धरून खाली आणले. अजून थोडा उशीर झाला असता तर ते हाती लागले नसते, असे हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले.

बाबा बरे होऊन पुण्याला गेले. दर रविवारी ते व्हिडिओ कॉल करतात, विक्रांतशी बोलतात, केतकीचे नावही काढत नाहीत. सुनेने परक्या लोकांसमोर आपल्यावर ओरडून कपडे उतरवले, हे त्यांच्या मनातून जात नाही. त्यानंतर या घरातले कोणी डोंगरावर गेले नाही. दोन वर्षे होत आली.

परवाच्या कॉलनंतर विक्रांत म्हणाला, "बाबा अजून रागावलेत गं तुझ्यावर."

"रागावू देत," केतकी म्हणाली. "रागवायला आहेत ना ते!"

आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडली. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, माझी चेन दुरुस्त झाली नाही तरी चालेल. पण आपल्या माणसाला जपताना त्याच्या रागाला भिऊ नका. आणि तुमच्या जिवासाठी कोणी तुमच्यावर ओरडले असेल, तर पुढच्या फोनवर त्या माणसाशी दोन शब्द बोला.