सात नंबर डॉकची कळ

सुगतने एचआरच्या टेबलावरची काच एका बुक्कीत फोडली. पण असं काही झालेलंच नाही. तिथला कॅमेरा बंद आहे, आणि मानकोलीच्या त्या गोडाऊनमध्ये जे कॅमेऱ्यात नाही ते घडत नाही, हा कंपनीचाच कायदा. तेव्हा काचेचं सोडा.

या कायद्याने न घडलेली पहिली गोष्ट म्हणजे सुगतचा अपघात. मार्चमध्ये सात नंबर डॉकवर ट्रक भरताना फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे आली आणि त्याच्या डाव्या पावलावरून गेली. न घडलेल्या अपघातात तीन हाडं मोडली. ती तीन महिन्यांत जुळली. एक्स-रे असा स्वच्छ, की लग्नाच्या बायोडेटाला जोडावा. तरी सातवर उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतील अशी कळ उठायची. सहावर नाही, घरी नाही, फक्त सातवर.

सुपरवायझर प्रितेश त्याच्याच गावचा. गोडाऊनखालची जमीन प्रितेशच्या आजोबांची. त्याने निदान केलं कामचुकारपणाचं, आणि सातवर उभं राहायचं नसेल तर सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर क्षितिजाने मात्र केसपेपरच्या मागे मेंदू काढला. पायाची खबर मणक्यातून वर जाते, पण किती दुखायचं ते मेंदू ठरवतो. ठरवताना तो आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसलाही विचारतो, की ही जागा ओळखीची आहे का, इथे मागे काय झालं होतं? तो समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग इमानेइतबारे सगळं सांगतो. मग शेजारचा भीतीचा भाग बोंब ठोकतो, आणि पायातली बारीकशी खबर भोंग्यावर लागते.

"म्हणजे मॅडम, मी नाटक करतोय?"

"नाही. दुखणं खरंच आहे. हाड विसरलं, डोकं विसरलेलं नाही. काही महिने दुसरीकडे काम करा, हळूहळू व्यायाम करू. डोकं नवीनही शिकतं."

तसं तिने लिहून दिलं. गोडाऊनला चोवीस डॉक. सुगतला त्यातला सात सोडून कुठलाही चालणार होता.

एचआरच्या हेमालीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि निकाल दिला. दुखणं आठवणीत आहे, आठवण ही मोबाइलसारखी खासगी वस्तू आहे, आणि खासगी वस्तू ड्युटीवर यायच्या आधी गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायच्या असतात. तरी कंपनीला माणुसकी आहे. म्हणून प्रितेशने पेंटर बोलावून सातचा आठ केला. त्यामुळे आठचा नऊ करावा लागला, असं करत चोवीसचा पंचवीस झाला आणि दोन दिवस नाशिकचा माल सुरतेला गेला. पण सात नंबर जगातून नाहीसा झाला.

"सातवर दुखतं ना, सुग्या? आता दाखव सात कुठं हाय."

सुगत आठवर उभा राहिला. फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे आली. तो पाऊल धरून खालीच बसला.

"दुखण्याला आकडे वाचता येत न्हाईत, प्रितेश," दात आवळून तो म्हणाला. "जागा कळते. तुझ्या आजोबाला विचार, पाटी बदलली म्हणून जमीन बदलते का."

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. आठ नंबरवर कधीही अपघात झाल्याची नोंद नाही, सबब सोमवारी आठवर हजर व्हावे, अन्यथा नोकरी सोडली असे धरण्यात येईल. ते पत्र घेऊन सुगत हेमालीच्या केबिनमध्ये गेला आणि तिथे काहीही झालं नाही. काचा झाडून झाल्यावर ती म्हणाली, काय असेल ते लेखी द्या. त्याने रुमाल गुंडाळलेल्या हाताने लिहिलं:

"विषय: हिप्पोकॅम्पसच्या बदलीबाबत. महोदया, वरील वस्तू दोन नग, डावा व उजवा, माझ्या डोक्यात असून त्या कंपनीचे ऐकत नाहीत. तरी दोन्ही नग ताब्यात घेऊन रीतसर पोच द्यावी व त्यांची कंपनीच्या पडघ्याच्या दुसऱ्या गोडाऊनला बदली करावी. उरलेला मी सोमवारी आठ नंबरवर हजर राहीन. हे शक्य नसल्यास, मार्चमधला तो दिवस आपण कागदावर रद्द केलाच आहे, तो माझ्या पायातूनही रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती."