मोकळा सोडलेला गडी

धनंजयला अमेरिकन फुटबॉल एका शुक्रवारात समजला. त्यात त्याच्या हुशारीचा भाग थोडा आणि कबड्डीचा जास्त. गुहागरकडच्या वाडीच्या संघातून तो आठ वर्षं चढाईला जायचा. कोपऱ्यातल्या गड्याचा पाय कुठे वळतोय एवढ्यावर ज्याची हाडं शाबूत राहिली, त्याला कुठलाही खेळ फार दिवस कोडं घालू शकत नाही. मस्कतला येऊन अकरा वर्षं झाली होती, पोट पुढे आलं होतं, पण नजर अजून चढाईवाल्याचीच होती.

खेळ शिकवला तो कंपनीच्या सेफ्टी मॅनेजरने. टेक्ससचा अमेरिकन, वय बासष्ट, अल हैलला समुद्राजवळच्या व्हिलात एकटा राहणारा. तरुणपणी कॉलेजच्या संघात खेळलेला, नंतर काही वर्षं पोरांना शिकवलेला. त्यामुळे मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला 'कोच' म्हणत. शुक्रवारी सुट्टी. दुपारी धनंजय आपल्या रुवी भागातून तळलेले बांगडे बांधून घेऊन जायचा आणि दोघं मागच्या आठवड्याची रेकॉर्ड केलेली मॅच बघत बसायचे. कोचचा जीव त्या खेळातल्या एकाच चालीत अडकला होता. तिचं नाव ऑप्शन.

चाल अशी. समोरच्या फळीतला एक धिप्पाड गडी मुद्दाम मोकळा सोडायचा, त्याला कोणी अडवायचं नाही. चेंडू हातात असलेल्या पोराने, म्हणजे क्वार्टरबॅकने, फक्त त्या गड्याकडे बघायचं. तो जागेवर थांबला तर चेंडू मधल्या साथीदाराच्या पोटात द्यायचा. तो मधल्यावर धावला तर चेंडू ठेवून आपण बाहेरून पळायचं. आणि पुढे कोणी अंगावर आलाच तर शेवटच्या क्षणी बाजूने पळणाऱ्याकडे टाकायचा आणि मार आपण खायचा. चेंडू हातात असो वा नसो, क्वार्टरबॅकला मार ठरलेला. कोचने असा चार वर्षं खाल्ला होता.

"आता हे कोणी खेळत नाही. सगळे लांब फेकतात," धनंजय त्याला चिडवायचा. "तुमची चाल मेली, कोच."

"मेली?" कोच उसळायचा. "सैन्याच्या कॉलेजांची पोरं बघ. अंगाने किरकोळ. मोठ्या संघांची वजनं त्यांच्या दीडपट. तरी दर वर्षी कोणा ना कोणाला रडवतात. का? कारण समोरच्याला ही चाल वर्षातून एकदाच दिसते आणि तयारीला चार दिवस मिळतात. जग जे विसरलंय, ते तुला येत असेल तर ते चालतंच, डीजे." धनंजयचा त्याने 'डीजे' करून टाकला होता.

धनंजयचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं. आघाडी असेल तोवर चालते. पिछाडीवर पडलात की ही चाल तुम्हाला वर काढत नाही, तेवढा वेळच उरत नाही. मग दोघं तासभर भांडायचे. असलं गोड भांडण धनंजयच्या नशिबात दुसऱ्या कोणाशी नव्हतं. बायको कल्पना आणि लेक उर्वी गावाला. रुवीच्या खोलीतले सहा जण ड्युटीवरून आले की मोबाईलमध्ये तोंड घालून पडायचे.

कोचने त्याला हेल्परचा परमिट कोऑर्डिनेटर केला होता. वडील गेले तेव्हा अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, केबिनबाहेर तासभर उभं राहून त्याच्या रजेवर सही आणली होती. धनंजय खाल्ल्या मिठाला जागणाऱ्यातला. आणि नेमकं तेच पुढे नडलं.

दोन हजार पंधराच्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या, तिकडे नुसता उकाडा, कोच विसरायला लागला. आधी गाडीची किल्ली, मग मीटिंगची वेळ, मग एकदा धनंजयचं नाव. त्या दिवशी तो धनंजयकडे बघून नुसता हसला आणि म्हणाला, "यू, माय फ्रेंड." धनंजयला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

कारण त्यांचं काम विसरण्याचं नव्हतं. समुद्राकाठच्या एका कारखान्यात त्यांच्या कंपनीकडे टाक्यांच्या दुरुस्तीचं कंत्राट होतं. वेल्डर टाकीच्या आत उतरायचे. बाजूने नायट्रोजनची लाइन जायची. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि पडतो. म्हणून रोज सकाळी टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद आहे, त्याला कुलूप आहे, हे स्वतः बघून कोचने परमिटवर सही करायची आणि मगच माणूस आत जायचा.

हे कोणाला सांगावं? सांगितलं तर कोच दुसऱ्या दिवशी विमानात. तेलाचे भाव कोसळले होते, कंपनी माणसं कमी करायला टपलेलीच होती. कोच गेला तर त्याने वर काढलेला हा बिनडिग्रीचा कोऑर्डिनेटर किती दिवस टिकणार, हेही धनंजयला कळत होतं. मिठाला जागणं आणि खुर्चीला चिकटणं यातलं किती काय होतं, ते त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. झाकली मूठ ठेवली. कोच राउंड मारून आला की हा टॉर्च घेऊन गुपचूप मागून जायचा आणि व्हॉल्व्ह पुन्हा बघून यायचा. दोनदा कुलूप उघडं सापडलं. दोनदा त्याने लावलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

अल खुवैरच्या मुख्य ऑफिसातून जितेश आला तेव्हा खरं तर सुटायची संधी होती. जितेश मुंबईचा, पस्तिशीचा, कोचच्या हाताखालचा अधिकारी. त्याने धनंजयला गाडीत बसवलं, एसी सुरू केला आणि सरळच विचारलं.

"धनंजयभाऊ, ऑफ द रेकॉर्ड. म्हातारा विसरतो का हो? मला दोन रिपोर्ट्स डबल आले. सेम डेट, सेम सगळं."

"नाही ओ साहेब. वय झालंय, इतकंच. डोकं एकदम शार्प आहे. फुटबॉलचं काहीही विचारा."

"फुटबॉलचं नाही विचारत मी."

"ठीक आहेत ते," धनंजय म्हणाला. जितेशने खांदे उडवले आणि गाडी वळवली.

ऑक्टोबरात दोन कोऑर्डिनेटर काढले आणि तिघांचं काम धनंजयच्या एकट्याच्या गळ्यात पडलं. सकाळी साडेपाचला चाळीस परमिट समोर. आता रोज कोचच्या मागून व्हॉल्व्हपर्यंत जायला वेळ कुठला? तेव्हा त्याने एक युक्ती काढली, आणि ती आपल्याला सुचली याचा त्याला अभिमानही वाटला. पोर्टा केबिनमध्ये चहा घेताना तो कोचला ऑप्शनबद्दल काहीतरी विचारायचा. अमुक गडी आत वळला तर? दोघं मोकळे सोडले तर? कोच अडखळला, शब्द शोधायला लागला, तर आज दिवस वाईट. मग काही झालं तरी धनंजय टॉर्च घेऊन जायचा. उत्तर तडक आलं, तर डोकं जागेवर आहे, सही खरी आहे. सात आठवडे ही परीक्षा नीट चालली. म्हणजे काही घडलं नाही, इतकंच.

एक डिसेंबरच्या सकाळी कोच असा काही रंगला की विचारू नका. धनंजयने विचारलं होतं नेहमीचंच, आजच्या काळात ही चाल चालते का. कोचने परमिटच्या कोऱ्या पाठीवर फुल्या आणि गोल काढले. एकोणीसशे बहात्तरची एक मॅच, चौथा डाव, पाऊस, समोरच्या मोकळ्या गड्याचा नंबर, त्याने कुठला खांदा खाली केला, आपण अंगठ्याने चेंडू कसा उलटा टाकला, टाकल्यावर बरगडीत काय लागलं, सगळं. डोळे लकाकत होते. धनंजयला इतका आनंद झाला की तो वाद घालायलाही विसरला. आपला माणूस परत आला, असं त्याला वाटलं. बोलता बोलता सहा वाजून गेले. बाहेर फोरमन ओरडला, "यल्ला, यल्ला! चला, टाकी नंबर चार!"

कोचने सही केली. धनंजयने शिक्का मारला.

टाकीत उतरला गुलजार. दापोलीकडचा वेल्डर, वय एकोणतीस. टाकीच्या तोंडाशी मीटर लावला तेव्हा हवा ठीक होती. सव्वासातला पलीकडच्या कामासाठी लाइन सुरू झाली, आणि बंद नसलेल्या व्हॉल्व्हमधून नायट्रोजन चार नंबरमध्ये उतरला. तोंडाशी बसलेल्या माणसाने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. मास्क लावून बाहेर काढेपर्यंत खलास झालं होतं.

चौकशीत कोचला विचारलं, व्हॉल्व्ह पाहिला होता का? तो म्हणाला, "मी रोज बघतो." कधी पाहिला? "रोज." पुढे तो रडायला लागला आणि मग आपण का रडतोय हे त्याने जितेशला विचारलं. तिथून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने समजावून सांगितलं ते धनंजयने भिंतीला टेकून ऐकलं. अशा आजारात जुनं सगळ्यात शेवटी जातं. चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ लखलखीत आठवेल आणि दहा मिनिटांपूर्वीचं पुसलेलं असेल. डोक्याला कधी मार लागला होता का, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा कोच हसून म्हणाला, "एव्हरी प्ले." म्हणजे प्रत्येक चालीला. तीन आठवड्यांनी त्याची मुलगी येऊन त्याला घेऊन गेली.

म्हणजे धनंजयची परीक्षा पहिल्या दिवसापासून खोटी होती. कोचच्या डोक्याचा जो कोपरा शेवटपर्यंत शाबूत राहणार होता, नेमक्या त्याच कोपऱ्यात डोकावून हा 'सगळं ठीक' म्हणत होता. आठ वर्षं पायांवर नजर ठेवून खेळलेला माणूस इथे नको तिकडे बघत राहिला होता.

आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. जितेशने अहवालात आजारपण लिहिलं. रिपोर्ट डबल येत होते हे त्यालाही माहीत होतं, आणि त्याने वर कळवलं नव्हतं. गुलजारला गावी पाठवायचे कागद धनंजयनेच धावपळ करून केले. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा.

गुलजारचा देह गावी गेल्यावर आठवड्याने बाबामियाँ रुवीत त्याच्या खोलीवर आला. गुलजारचा मामा, भाजीची पिकअप चालवणारा, साठीचा. दुपारची नमाज पढून थेट आला होता. हातात खजुराचा डबा. धनंजयने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुमचे उपकार हायत," बाबामियाँ म्हणाला. "गुलजारच्या बायकोन, रईसान, फोनवर सांगितलान, त्या भाऊंना भेटून ये. पोरीला काय सुचत नाय, पण तुमचा नाव घेते."

"माझं नाव?"

"गुलजार घरी सांगायचा ना. घाबरू नको म्हणायचा. साहेब म्हातारा हाय, पण आपला धनंजयभाऊ हाय. साहेबाच्या मागून टॉर्च घेऊन जातो, परत बघतो. मी डोळ्यांनी बघितलाय, म्हणायचा. म्हणून मी बिनधास आत जातो." त्याने डोळे पुसले. "त्या दिवशी अल्लाचीच मर्जी. तुम्ही बघून पण असा झाला."

धनंजयला वाटलं, मान हलवावी. एवढी एकदा मान हलवली की झालं; म्हातारा दुवा देऊन जिना उतरेल, दापोलीला फोन करेल, आणि हे कायमचं मिटेल. तो उभा होता तो खाली बसला, फरशीवरच, म्हाताऱ्याच्या पायांशी.

"बाबामियाँ, त्या दिवशी मी नाय गेलो."

म्हाताऱ्याला कळायला वेळ लागला. "कुठं नाय गेलास?"

"व्हॉल्व्ह बघायला. गेलो असतो तर गुलजार आज असता."

बाबामियाँचा हात डब्यावर होता तिथेच राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं धनंजयला वाटलं.

"का रे बाबा?" म्हातारा हळूच म्हणाला. "आजारी होतास काय?"

"नाय."

"मग? काय करीत होतास तेवा?"

"साहेबांशी बोलत बसलो होतो."

"कसला बोलणा?" बाबामियाँने विचारलं. रईसाला काहीतरी सांगावं लागणार होतं, म्हणून तो उत्तराची वाट बघत राहिला.

धनंजयने मान वर केली नाही.

"खेळाचा," तो म्हणाला.