यमुताईंची अकरा मिनिटं

आमच्या घरचा लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं घेत असे. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं यंत्रांच्या देखभालीत काढलेला माणूस अंदाजानं बोलत नाही. बटण दाबायचं, आतला पंखा घरघरायला लागायचा, पडद्यावर एक गोल फिरत राहायचा, आणि तो फिरत असताना आपण आपली कामं उरकून घ्यायची. मी तेवढ्यात दाढी करायचो. एकदा कोपऱ्यावर जाऊन केस कापून आलो, तेव्हा तो नुकताच पासवर्ड विचारत होता.

लॅपटॉप माझा नव्हता. माझ्या पत्नीचा, यमुचा होता. तिला आमच्या लेआउटमधली सारी वस्ती यमुताई म्हणते. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र ती एकोणीस वर्षं चालवते आहे. दर रविवारी दहा ते एक, आमच्याच बैठकीत. केंद्रात जात विचारत नाहीत. लोक चपला काढता काढता स्वतःच सांगतात. आजवर दोनशे चौदा लग्नं जमली. त्यातली दोनशे नऊ टिकून आहेत, आणि मोडलेल्यांपैकी तिघांची दुसरीही तिनंच जमवून दिली.

तर अशा या केंद्रावर मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत यांची नजर वळली. दत्तोपंत निवृत्त मुख्याध्यापक. मनगटावरचं घड्याळ ते वेळ पाहण्यासाठी नव्हे, दुसऱ्याला दाखवण्यासाठी वापरतात. एका रविवारी ते सहज म्हणून आले, अकरा मिनिटं त्या फिरणाऱ्या गोलाकडे पाहत बसले आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण तुमची फाइल उघडेपर्यंत मुलाचं वय वाढून राहिलं आहे."

"वाढू द्या," यमु म्हणाली. "शहाणपण येतं."

"तसं नाही. माझा पुतण्या गौरांग पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. तो मंडळासाठी अ‍ॅप करून देतो म्हणतो. लोक घरबसल्या स्थळं पाहतील. तुम्हालाही आराम."

सुनावायचं असतं तेव्हा यमु सुनावते. त्या दिवशी 'आराम' हा शब्द ऐकून ती लॅपटॉपचं झाकण पुसत बसली. दत्तोपंतांनी जाताना मुदत दिली: महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते पुन्हा येऊन बसतील. काम झटपट होताना दिसलं तर ठीक, नाही तर पुढच्या सभेत केंद्र बंद करून अ‍ॅपचा ठराव.

संध्याकाळी मेथी निवडताना ती म्हणाली, "एकोणीस वर्षं लोक मला विचारून मुलगी देत आले. आता मोबाइलला विचारतील."

"काही काळजी करू नको," मी म्हणालो. "हा प्रश्न यांत्रिक आहे."

यांत्रिक प्रश्न म्हटला की माझी छाती आपोआप दोन इंच पुढे येते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं सीताबर्डीच्या बाजारात गेलो. तिथं विक्की नावाचा एक ओळखीचा दुकानदार आहे. टक्कल पडलं, मुलगी कॉलेजात गेली, तरी पाटीवर अजून विक्कीच. त्यानं लॅपटॉप हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं.

"काकाजी, ह्याच्यात जुनी हार्ड डिस्क आहे. आत तबकडी फिरते, ग्रामोफोनवानी. ती काढा अन् एसएसडी टाका. तिच्यात काहीच फिरत नाही."

"फिरत नाही तर चालते कशी?"

"फिरण्यातच तर टाइम जाते नं काकाजी. सोडून जा लॅपटॉप, दोन दिवसांनी घेऊन जा."

"मी स्वतः बसवीन. मी टर्बाइन उघडलेली आहे."

विक्कीनं आदरानं मान डोलावली. "टर्बाइनले वॉरंटी राहते का काकाजी?"

मी पाकीट काढलं. एसएसडी, एक जोडायची केबल आणि एक बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी आलो.

आता काम कसं केलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते पहिल्याच फेरीत झालं आणि मला ते सांगायला आवडतं. आधी नवी एसएसडी केबलनं बाहेरून जोडली आणि जुन्या डिस्कवरचं सगळंच्या सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. सकाळच्या चहाला लावलं ते जेवणाची पानं घ्यायच्या वेळी पुरं झालं. मग लॅपटॉप बंद करून डायनिंग टेबलावर पालथा घातला. स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा घेतला. ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या कोपऱ्यातल्या वाटीत. मधल्या वाटीत थोडी हळद राहिली होती, त्यामुळे दोन स्क्रू शुभकार्याला निघाल्यासारखे दिसत होते.

दहा स्क्रू काढले तरी झाकण निघेना. इथं नवशिका माणूस सुरी घालतो. मी थांबलो. चौतीस वर्षांत एक गोष्ट शिकलो आहे: झाकण निघत नसेल, तर जोर कमी पडत नसतो, कुठेतरी एक स्क्रू तुमच्यापासून लपलेला असतो. मागच्या रबरी पायांखाली बोट फिरवलं, तर निघाले दोन. झाकण सुटलं. आधी बॅटरीची तार सोडवली, जुनी डिस्क सरकवून काढली, एसएसडी तिच्या जागी घातली, सगळं उलट क्रमानं बंद केलं. बारा निघाले होते, बारा लागले. डबा रिकामा, हळद जागच्या जागी.

बटण दाबलं. चौदा सेकंद.

यमुला हाक मारली, ती हात पुसत स्वयंपाकघरातून आली, तोवर लॅपटॉपच तिची वाट पाहत होता. "अगं बाई," ती म्हणाली. मी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. टर्बाइन उघडलेल्या माणसाला बोलायची गरज नसते.

त्या रविवारी सात कुटुंबं आली. यमुनं बटण दाबलं, माणसं अजून सोफ्यावर नीट टेकायची होती, तोच स्थळं समोर. फोटो, उंची, शिक्षण, गाव. "नको." पुढचं. "नको." पुढचं. "उंची कमी वाटते." कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. साडेदहाला सातही कुटुंबं आपापल्या गाड्यांवर बसून गेली होती. पूर्वी रविवारी एक वाजून गेला तरी पायपुसण्याजवळ एखादी चप्पल उरलेली असायची.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "तीन तासांचं काम अर्ध्या तासात."

यमु कपांकडे पाहत होती. ते तसेच भरलेले होते; कुणी उचललेच नव्हते.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "लग्नं काय त्या लॅपटॉपवर जमत होती? तो सुरू होईपर्यंत जमत होती. बटण दाबून मी चहा द्यायची. पाच मिनिटांत कळायचं घरात कुणाचं चालतं. आठव्या मिनिटाला माणूस खरं बोलायला लागायचा, अर्जात न लिहिलेलं. मग लॅपटॉप उघडला की मला नेमकं ठाऊक असायचं काय दाखवायचं अन् काय नाही. तुम्ही माझी अकरा मिनिटं काढून नेलीत."

मी सरळ मनाचा माणूस आहे. "जुनी डिस्क परत बसवू? वीस मिनिटांचं काम आहे."

"काही नको. आहे ते राहू द्या," ती म्हणाली आणि गार चहा मोरीत ओतला. "मी पाहते."

शेवटच्या रविवारी दत्तोपंत पावणेदहालाच आले. कोपऱ्यातली खुर्ची घेतली, घड्याळ सर्वांना दिसेल असा हात मांडीवर ठेवला. दहाला पारशिवनीहून बाबाराव आले. चांगले पन्नास एकरांचे शेतकरी, धोतर कडक, बोलणं त्याहून कडक. मुलगी रितिका, जनावरांची डॉक्टर. अर्जात अपेक्षा एकच: मुलगा पुण्या-बंगलोरचा. चार वर्षांत सोळा स्थळं झाली होती.

"दाखवा बाई," बाबाराव म्हणाले. "मले अकराची बस आहे."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. सकाळीच चालवून पाहिला होता, बाण होता बाण. दत्तोपंतांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मी मनातल्या मनात चौदा आकडे मोजायची तयारी केली.

यमुनं झाकण किंचित उघडलं आणि आत डोकावून परत लावलं.

"अगं बाई. अपडेट सुरू झालंय."

"अपडेट?" मी म्हणालो.

"हो नं. 'बंद करू नका' लिहून येतंय. थोडा वेळ बसावं लागेल."

भारत देशात अपडेटला कुणी उलट बोलत नाही. ते बाबारावांनी मान्य केलं, दत्तोपंतांनीही केलं. एकटा मी उरलो, ज्याला ठाऊक होतं की आत कसलंही अपडेट नाही. बारा स्क्रू मोजून बसवलेल्या माझ्या एसएसडीवर भर सभेत आळ आला होता. त्यातून दत्तोपंत घड्याळ बघत होते. एक-एक मिनिट केंद्राच्या ठरावाकडे चाललं होतं. मी तोंड उघडलं.

"तुम्ही चहा टाका," यमु म्हणाली. "आलं किसून."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात आलं किसून म्हणजे सावकाश, एवढं मला कळतं. मी तोंड मिटलं आणि आत गेलो. आमचं स्वयंपाकघर बैठकीला लागूनच आहे. आल्याचा तुकडा मोठा घेतला.

"यंदा संत्र्यानं त्रास दिला का हो?" बाहेर यमु विचारत होती.

"संत्रं आमच्याकडे कुठलं बाई, आमचा धान अन् कपाशी." मग थोडा वेळ जनावरांचं, थोडा वेळ वाघाचं. पेंचचा वाघ गावाच्या अंगानं फिरतो, गाय मारली की पंचनाम्याला रितिका जाते. "रातच्या दोन वाजताही गाडी काढते पोरगी. म्या म्हणलं, तुले भेव नाही लागत का वं? म्हणते, बाबा, वाघ खाऊन गेलेला असते."

"मग पुण्यात काय करेल हो ती?" यमुनं इतकं सहज विचारलं की मला किसणी थांबवावी लागली.

बाहेर सोफा करकरला.

"ते पुण्याचं मीच लिवलं," बाबाराव म्हणाले. आवाजातली इस्त्री उतरली होती. "पोरगी म्हणते, मी पारशिवनी सोडून जात नाही. दवाखाना टाकला तिनं. आता हे अर्जात लिवलं तर लोक म्हणतीन, बाबाराव घरजावई पाहून राहिला. सोळा झाले. मीच नाही म्हणतो, अन् तिचं नाव सांगतो."

निघाला, मी मनात म्हणालो. रबराखालचा स्क्रू निघाला.

आणि मग कोपऱ्यातून वेगळाच आवाज आला. खाकरल्याचा.

"आमच्या गौरांगचंही तसंच आहे," दत्तोपंत म्हणाले.

"तुमचा गौरांग तर पुण्यात स्थायिक, स्वतःचा फ्लॅट," यमु म्हणाली. "अर्ज तुम्हीच भरलात."

"भरला. वहिनी, त्याला तिथं करमत नाही. म्हणतो, काम तर घरूनच करायचं, मग नागपूरजवळ कुठं खेड्यात राहीन. आता बावन्न लोकांना सांगितलं पुतण्या पुण्यात आहे. खेड्यात येतो म्हणून कसं सांगायचं? तेहेतीस पूर्ण झाली त्याला. अन् दुसऱ्यांच्या लग्नांचं अ‍ॅप करून राहिला."

मी चहा घेऊन बाहेर आलो. कपबशांचा आवाज तेवढा होता. बाबारावांनी खिशातून फोन काढला, कुणाला काही न विचारता लावला आणि कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"काय करून राहिली वं?"

"बाबा, माझा हात म्हशीत आहे! रेडकू आडवं आहे. नंतर बोला!"

फोन बंद. दत्तोपंतांनी हातातली बशी जपून टेबलावर ठेवली. आयुष्यभर मुलांना वेळेवर न आल्याबद्दल उभं केलेला माणूस. तो घड्याळाकडे पाहायचं विसरला.

"कामसू दिसते," ते म्हणाले.

"आहे नं," बाबाराव म्हणाले. "पोरगं कसं आहे तुमचं? फोटो गिटो?"

यमुनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, अपडेट झालं का बघा बरं."

मी पुढे झालो. बाह्या सावरल्या. बटण दाबलं. चौदा सेकंदांत लॅपटॉप उभा, पंधराव्याला फाइल, आणि बाबारावांचा विचार बदलायच्या आत गौरांग पडद्यावर हसत होता. इतक्या वेळेवर एसएसडी कधी कुणाच्या कामी आली नसेल. बाबारावांनी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले.

"वाघाले भेते का?"

"पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दहा वर्षं काढली त्यानं," दत्तोपंत म्हणाले.

बाबारावांची अकराची बस गेली. बाराचीही गेली. पुढच्या रविवारी गौरांगनं पारशिवनीला यायचं, रितिकाच्या दवाखान्यात तिला भेटायचं आणि नको असेल तर तिनं स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायचं, एवढं ठरवून बाबाराव उठले. जाताना अर्ज मागून घेतला आणि पुणे-बंगलोर स्वतःच्या पेनानं खोडून टाकलं.

दत्तोपंत दारात रेंगाळले. मनगटाकडे पाहिलं, मग हात पाठीमागे घेतला.

"अ‍ॅपचं मी असं म्हणतो वहिनी, सध्या गौरांगला वेळ नाही मिळणार. विषय पुढं कधीतरी घेऊ."

आमच्या मंडळात पुढं कधीतरी घेतलेला एकही विषय अद्याप परत आलेला नाही.

"घेऊ की," यमु म्हणाली.

ते दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "ते अपडेट, वहिनी. नेहमीच येतं का?"

"रविवारी हमखास," यमु म्हणाली. "दहाला सुरू होतं."

मी कप उचलायला आत वळलो. सगळे रिकामे होते.