पाणकणसं सरकली तेव्हा

लोक त्यांना नाकवाले म्हणत आणि ते ऐकून त्यांची कॉलर आपोआप ताठ होई. तळ्याच्या चिखलातून वेखंड उपटायचं, पातं चुरगाळून हुंगायचं आणि मगच मूळ टोपलीत टाकायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. हुंगायलाच हवं, कारण वेखंडाला एक तोतया भाऊ आहे. त्याला पिवळी फुलं येतात. पण फुलांचे दिवस सरले की दोघांची पाती सारखीच दिसतात. त्याचं मूळ पोटात गेलं की माणूस उलट्यांनी आडवा होतो.

मागच्या हिवाळ्यात ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. नाकवाल्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, घरातल्या सुनेलाही नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मनात येई, मग दिवसभर कशात लक्ष लागत नसे. पण मुरलेला माणूस काहीतरी वाट काढतोच. वेखंडाच्या पात्याला कडेनं बारीक चुण्या असतात. हुंगल्याचं सोंग करता करता ते त्या बोटानं चाचपून घेत.

उन्हाळ्यात पाती करपून चिखलात झोपली. पाणकणसांचे दांडे तेवढे उभे राहिले, डोक्यावर तपकिरी कणसं घेऊन. मग नाकवाल्यांनी ठरलेली खूण धरली: पाणकणसं संपतात तिथून वेखंड सुरू, आणि दहा पावलांपुढे तोतया. त्या हिशोबानं त्यांनी पोतंभर मुळं खणली. सुनेनं ती पाच दिवस वेखंडाच्याच वासानं भरलेल्या माळ्यावर वाळवली, आणि काल पोतं औषधाच्या दुकानात गेलं.

आज सकाळी तळ्यावर कुदळ धुताना त्यांना पाणकणसांच्या मधोमध एक बगळा दिसला. दांड्यावर बगळा बसेल कसा? नीट पाहिलं तर तो नाव बांधायच्या लोखंडी खांबावर बसला होता. दोन वर्षांपूर्वी हाच खांब पाणकणसांच्या बाहेर, उघड्यावर होता. खांब काही चालत आत गेला नव्हता. पाणकणसंच पुढे सरकली होती, आणि वेखंडाची जागा त्यांनी गिळली होती.

म्हणजे यंदा नाकवाल्यांनी खणलं होतं तिथे बहुतेक तोतयाच होता. तसेच चिखलाच्या पायांनी ते दुकानाकडे निघाले. वाटेत सून भेटली, त्यांचा चेहरा पाहून तीही मागे आली.

दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. "कालचं पोतं परत द्या," नाकवाले म्हणाले.

"का हो? भाव कमी पडला का?" दुकानदार हसला.

खोटं बोलायला जागा होती. किडकी मुळं आली म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग पुढच्या पोत्याचं काय?

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "हिवाळ्यापासून. आत काय भरलंय ते मला माहीत नाही."

दुकानदाराचं हसू मावळलं. पोत्याची शिवण अजून उसवली नव्हती हे पाहून त्यानं आधी सुस्कारा सोडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचं पोतं म्हणून मी कधी हुंगून पाहिलंच नाही. एकदाही नाही."

हा विश्वास नाकवाल्यांना शिवीपेक्षा जास्त लागली. ते पायरीवर बसले.

सुनेनं पोतं ओतलं. नऊ वर्षं तिच्या घरात ही मुळं वाळत होती, तिला कोण काय शिकवणार. एकेक मूळ मोडायचं, नाकाशी न्यायचं, खरं असेल तर इकडे, तोतया असेल तर तिकडे टाकायचं. तिकडचा ढीगच मोठा होत होता. सांगितलं का नाही, हे ती विचारील म्हणून नाकवाले वाट पाहत होते. तिनं पुढचं मूळ मोडलं.

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. "कसा येतोय?"

"कसा म्हणजे? वेखंडासारखा, बाबा."

"तसं नको. नीट सांग."

सुनेनं हातातला तुकडा पुन्हा हुंगला. "आधी ओल्या मातीचा. मग संत्र्याची साल सोलल्यासारखा. मग जरा तिखट."

नाकवाल्यांनी डोळे मिटले. "आणि सगळ्यात शेवटी गोड," ते म्हणाले.

तिनं तुकडा नाकाशी तसाच धरून ठेवला. "हो," ती म्हणाली. "अगदी शेवटी. मला आजवर कळलं नव्हतं."

"घाई करत होतीस," ते म्हणाले. "पुढचा घे."